एकाच पॅडवर आलेले दोन कागद: आवारातला जाहिरात फलक आणि पुलाखालची बिऱ्हाडे

परळवासी (प्रश्न)

नमस्कार. परळमधील एका गृहनिर्माण संस्थेचा मी सभासद आहे. गेल्या आठवड्यात आमच्या सचिवांनी एकाच पॅडला लावून दोन कागद सहीसाठी आणले. पहिल्या कागदात, आवाराच्या रस्त्याकडील कोपऱ्यात एका जाहिरात कंपनीला ४० फूट बाय ४० फुटांचा फलक उभारू देण्यास संमती मागितली होती. त्याच्या भाड्यातून दोन्ही लिफ्टच्या देखभालीचा खर्च निघेल, असा हिशेबही खाली जोडलेला होता. दुसरा कागद महापालिकेच्या विभाग कार्यालयाला द्यायच्या निवेदनाचा होता. समोरच्या उड्डाणपुलाखाली पथारी पसरून राहणाऱ्यांमुळे परिसराच्या सौंदर्याला बाधा येत असल्याने त्यांना तातडीने हटवावे, अशी त्यात मागणी होती. सचिव सज्जन गृहस्थ आहेत आणि दोन्ही कागद एकाच पॅडवर असण्यात त्यांना काही खटकले नाही. मी "वाचून देतो" असे सांगून दोन्ही ठेवून घेतले. ते अजून जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली आहेत.

जाहिरातींशी माझे वैर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १९६६ पासून चालत आलेल्या अमूलच्या फलकांवर आमची पिढी वाढली. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून नवा फलक दिसला की त्यातला श्लेष आधी कोणाला कळला, यावरून आमची भांडणे होत, आणि माझे इंग्रजी शाळेपेक्षा त्या फलकांनी अधिक सुधारले असे मी आजही मानतो. पुढे "हर घर कुछ कहता है" ही रंगाची जाहिरात दूरदर्शन संचावर लागली की आई हातातले काम थांबवून ती पाहत असे. आमचे घर म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि तिच्या भिंतींना चुन्याचा निळसर हात. वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. उन्हाळ्यात चाळीतली पुरुषमंडळी वळकट्या काखोटीला मारून समोरच्या पदपथावर झोपायला जात, आणि त्यांना कोणी बेघर म्हणत नसे, कारण उशाखालच्या किल्लीचे कुलूप हाकेच्या अंतरावर होते.

पुलाखाली सध्या अकरा बिऱ्हाडे आहेत. मी दोनदा मोजली. त्यांतली निम्मी तरी टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्यांची आहेत, उरलेल्यांत नाक्यावर काम शोधणारे आणि भंगार वेचणारे आहेत. भुसावळकडच्या एक बाई नवऱ्यासोबत तिथे असतात. त्यांनी नवऱ्याची रुग्णालयाची फाईल दोन पिशव्यांत गुंडाळून, जुन्या साडीच्या काठाने पुलाच्या खांबालगतच्या पन्हळीच्या नळाला, डोक्याच्याही वर बांधून ठेवली आहे. पदपथ धुण्याच्या पाण्यापासून आणि पालिकेच्या गाडीपासून ती तेवढ्या उंचीवर सुरक्षित राहते, असे त्यांनी मला सांगितले.

आता माझा हिशेब. शहरी बेघरांसाठी केंद्राची जी निवारा योजना २०१३ मध्ये आली, तिच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरलेली आहे आणि दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक कायमस्वरूपी निवारा असावा, असे म्हटले आहे. आमच्या आवारात येऊ घातलेला फलक १,६०० चौरस फुटांचा आहे. म्हणजे एका फलकात ३२ माणसे झोपतील. ही तुलना भाबडी असेल, पण ती एकदा डोक्यात शिरल्यावर बाहेर पडेना. शहराने फलकाला जागा, माप, मुदत, शुल्क आणि नूतनीकरण हे सर्व ठरवून दिले आहे; माणसाला ठरवून दिलेले माप मात्र सूचनांच्या पुस्तिकेबाहेर फारसे आलेले दिसत नाही. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख होती, त्या मानाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. फलकाला संमती देताना त्याच्या उत्पन्नातला काही भाग या कामासाठी राखावा, अशी अट संस्थेला घालता येते का? निवेदनावर सही करायची नसेल तर त्याऐवजी उपयोगी पडेल असे काय लिहावे? आणि पहिल्या कागदावर सही करून दुसऱ्यावर नाकारणे हा दुटप्पीपणा होईल का?

निवृत्त लिपिक

महापालिकेच्या सेवेत माझी एकतीस वर्षे गेली, त्यातली बरीचशी अनुज्ञापन, म्हणजे परवाने देणाऱ्या, खात्यात. फलकांच्या फाईली माझ्या हाताखालून गेलेल्या आहेत, तेव्हा त्याबद्दल आधी लिहितो.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३२८ आणि ३२८-अ खाली फलकाला आयुक्तांची परवानगी लागते. संस्थेची संमती हा त्या अर्जासोबतचा केवळ एक कागद आहे. संमती देण्यापूर्वी पायाचा आराखडा आणि संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, त्याची झेरॉक्स नव्हे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडा नगरला पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जण गेले, तो फलक सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा होता आणि पालिकेची कमाल मर्यादा आपण लिहिली तीच, ४० बाय ४० होती. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे परवानगी कोणाची लागते यावरच वाद. दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत असताना वाऱ्याने निकाल लावला. आपल्या आवारातला फलक पडला तर बोटे आपल्याकडेही वळतील, हे सभासदांना सांगा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सभासदांच्या वर्गणीला आयकरात जी सवलत मिळते ती बाहेरच्याकडून आलेल्या फलकाच्या भाड्याला मिळत नाही. सचिवांनी लिफ्टचा हिशेब कर वजा करून केला आहे का, ते विचारा. बहुधा केलेला नसतो.

अट घालण्याबद्दल: भाडे हे संस्थेचे उत्पन्न आहे आणि सर्वसाधारण सभा उपविधींच्या चौकटीत ते कसे खर्च करायचे हे ठरवू शकते. पालिकेला मिळणारे जाहिरात शुल्क मात्र सर्वसाधारण महसुलात जाते आणि तिथे गेलेला रुपया पुन्हा ओळखू येत नाही.

दुसऱ्या कागदाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोकांना वाटते तसे ते घडत नाही. निवेदन विभाग कार्यालयात आले की त्याला आवक क्रमांक पडतो आणि ते अतिक्रमण निर्मूलन पथकाकडे जाते. पथक एखाद्या दुपारी गाडी घेऊन येते, कारण दुपारी माणसे कामावर असतात आणि बोचकी एकटी असतात. ताडपत्री, भांडी, कपडे, कधी शिधापत्रिका गाडीत जातात. माणसे संध्याकाळी परततात, दोन रात्री पलीकडच्या गल्लीत काढतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पुलाखाली येतात. आपल्या संस्थेला "कार्यवाही करण्यात आली" असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर खोटे नसते.

कायद्याने याची चर्चा फार पूर्वी केली आहे. १९८१ च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पदपथावरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली, त्यातून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला आणि १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे त्या निकालातले वाक्य सर्वांना माहीत असते. पण त्याच निकालाने पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही, पदपथावरचे अतिक्रमण पूर्वसूचनेविना हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देणारे पालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरवले, फक्त हटवण्यापूर्वी सर्वसाधारणपणे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस संपेपर्यंत, कोणाला हलवू नये असे सांगितले. दोन्ही बाजूंचे लोक आपापले अर्धे वाक्य घेऊन गेले.

आपल्या ३२ माणसांच्या हिशेबाला माझी हरकत एवढीच, की अडचण चौरस फुटांची नाही. फलकाची फाईल एका खात्यात, पथारी हटवण्याची दुसऱ्या आणि निवाऱ्याची तिसऱ्या खात्यात असते. पहिलीत महसूल आहे, दुसरीच्या मागे तक्रारदार आहेत. तिसरीत जागा निश्चित होताच स्थानिकांचे निवेदन येते, आणि त्याचा मसुदा आपल्या सचिवांच्या मसुद्याशी शब्दशः जुळतो. विकास आराखडा २०३४ मध्ये बेघरांच्या निवाऱ्यासाठी आरक्षणे दाखवलेली आहेत. एखादे आपल्या विभागात असेल तर त्याचे पुढे काय झाले, असे विचारणारे पत्र माझ्या उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर कधी आले नाही.

शाईवाली

मी जाहिरातीत शब्द लिहिण्याचे काम करते, बहुतांशी मराठी. बहुतांशी म्हणजे हिंदीत आधीच ठरलेल्या ओळीला मराठी कपडे घालण्याचे काम, आणि "आता प्रत्येक क्षण बनवा खास" यासारखी मराठी आपल्या डोळ्यांवर येऊन आदळते त्यात माझाही वाटा आहे, त्याबद्दल क्षमस्व.

परळवासी, फलक उभा असतो आणि माणूस आडवा, म्हणून चौरस फुटांची तुलना मला पटत नाही. पण ज्या ठिकाणी तुमचे बोट आहे तिथे खरोखरच काहीतरी आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या दोन मनोऱ्यांच्या जाहिराती मी केल्या आहेत. फलकाची जागा ग्राहकाला दाखवताना त्या ठिकाणाचे छायाचित्र काढून त्यावर जाहिरात बसवून दाखवतात. छायाचित्रात पुलाखालची माणसे, वाळत घातलेले कपडे, चूल असे सगळे येतेच, आणि ते पुसून काढणे हे माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे काम होते. त्याला साधारण अर्धा तास लागे. कपड्यांची दोरी सर्वांत अवघड, असे तो म्हणे, कारण ती काढल्यावर तिची बारीक सावली मागे राहते. ग्राहकाने ती माणसे काढायला सांगितले आहे, असे एकदाही झाले नाही. आम्ही न सांगताच काढत असू.

गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापावा लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही छापावा लागतो, आणि ते नसेल तर विकासकाला दंड होतो. एका घराचे वचन देणाऱ्या कागदाची एवढी कसून तपासणी होते, याचा मला धंद्यातली बाई म्हणून अभिमान आहे. पालिकेने स्वतःच्या निवाऱ्यांची मात्र कधी जाहिरात केलेली मी पाहिलेली नाही. शौचालय, लसीकरण, मालमत्ता कर भरा, या सर्वांचे फलक मी वाचले आहेत. "रात्री झोपायला जागा नसेल तर इथे या" आणि खाली पत्ता, असा एकही फलक बसथांब्यावर दिसलेला नाही. बसथांब्यांची जाहिरातीची चौकट रात्रभर उजळलेली असते, आणि तिच्या शेजारच्या बाकाला नळ्या अशा बसवलेल्या असतात की त्यावर दहा मिनिटे टेकता येते, पण आडवे होता येत नाही. असे बाक कोणी तरी आराखड्यावर काढलेले असते. २०१८ मध्ये फोर्टमधल्या एका खाजगी बँकेने शाखेच्या ओट्यावर टोकदार खिळे बसवले तेव्हा समाजमाध्यमांवर गदारोळ झाला आणि ते काढावे लागले. बाकाचे तसे होत नाही, कारण बाक सभ्य दिसतो.

दुटप्पीपणाचे उत्तर माझ्याकडे नाही. फलकाला संमती द्या, माझे पोट त्यावर चालते.

तिसरा मजला

मी याच भागात, पुलाच्या बरोबर समोर, तिसऱ्या मजल्यावर राहते आणि अशाच एका निवेदनावर मी सही केलेली आहे, म्हणून लिहिते.

आम्ही निर्दय आहोत, असे गृहीत धरून इथे चर्चा चालली आहे. पुलाखाली राहणाऱ्या बायकांना रात्री शौचाला जायला जागा नाही, कारण सार्वजनिक शौचालय अकरा वाजता कुलूपबंद होते. मग त्या आमच्या इमारतीच्या कडेच्या बोळात येतात आणि सकाळी तिथून माझी मुलगी शाळेत जाते. मी त्या बायकांवर रागावू शकत नाही आणि तो बोळ सहनही करू शकत नाही. गेल्या पावसाळ्यात तिथे दोघांना डेंग्यू झाला, एक आमच्या इमारतीतला आणि एक पुलाखालचा मुलगा. पदपथ मोकळा नाही म्हणून सासूबाई रस्त्यावरून चालतात. चंद्रचूडसाहेबांचा निकाल मी वाचलेला नाही, पण पदपथ चालण्यासाठी असतो असे त्यातही म्हटले असेल, अशी माझी खात्री आहे.

मी कर भरते आणि मला उपाय हवा आहे. "हटवा" हा एकच उपाय माझ्यासमोर ठेवला गेला, म्हणून मी त्यावर सही केली. दुसरा कोणी ठेवला असता तर वाचला असता.

रातपाळी

बेघरांच्या एका निवाऱ्यावर मी रात्रीचा काळजीवाहक म्हणून काम करतो. तिसरा मजला ताईंनी जे लिहिले आहे ते खरे आहे आणि पुलाखालच्या बायका शब्दशः हेच सांगतात. फरक एवढाच की त्या बोळात जाताना दोघी-तिघी मिळून जातात.

सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न असा, की निवारे आहेत तर हे लोक तिथे जात का नाहीत. आमच्या निवाऱ्यात फक्त पुरुषांना जागा आहे. नवरा आमच्याकडे आला तर बायको आणि मुले कुठे ठेवायची? कुटुंबाला एकत्र ठेवणारे निवारे फार थोडे आहेत. दुसरे कारण कामाचे आहे. लग्नाच्या केटरिंगमध्ये वाढप्याचे काम करणारा मुलगा रात्री दीड वाजता सुटतो, नाक्यावरचा मजूर सकाळी सातला नाक्यावर उभा नसेल तर त्याचा दिवस जातो, भंगार वेचणारी बाई पहाटे चारला निघते. निवारा तीन स्थानके दूर असेल तर तो त्यांच्यासाठी नसल्यासारखाच आहे. रुग्णांच्या नातेवाइकांचे तर विचारूच नका. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, त्या कामाला तोड नाही, पण रांग मोठी असते आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळालेला माणूस गावी जाऊन परत येण्याचे भाडे मोजतो आणि पुलाखाली थांबतो. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत "बेघरांना आसरा" हे शब्द आहेत. ती दशसूत्री मंत्रालयात फलकावर लावली गेली होती आणि पुढे तो फलक हलवण्यावरून राजकीय वादही झाला. फलकावर वाद होतो, हे शाईवाली ताईंना आवडेल.

जनगणनेच्या आकड्याबद्दलही एक सांगतो. २०११ मध्ये मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले, ते २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. रात्री कामावर असलेला, पोलिसांची गाडी पाहून आडोशाला गेलेला, रेल्वेच्या हद्दीत झोपलेला माणूस त्या रात्री कोणाच्या वहीत आला असेल, याचा अंदाज आपणच करा.

पोलिसांच्या गाडीला लोक का घाबरतात, तेही सांगायला हवे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम १९५९ आपल्या राज्यात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातल्या बऱ्याच तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, इथे त्या आहेत. भीक मागणे तर सोडाच, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत दिसणे, की हा माणूस भीक मागून जगत असावा असे वाटावे, एवढ्यावरही तो लावता येतो आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. आमच्याकडे येणारा एक वयस्कर माणूस म्हणून खिशात नेहमी बूटपॉलिशची डबी ठेवतो. पॉलिश करण्याचे काम त्याने सोडले त्याला दहा वर्षे झाली, डबी वाळून खडखडीत झाली आहे. पण "साधन दिसले पाहिजे ना", असे तो म्हणतो.

जाहिरातींबद्दल माझे मत आमच्या लोकांसारखेच आहे: फ्लेक्सला कापड म्हणून तोड नाही. नेत्याच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लेक्स उतरवणारी मुले ठरलेली असतात. कडेला धातूच्या कड्या आधीच ठोकलेल्या असतात, त्यामुळे सुतळी ओवायला त्रास नाही आणि वाऱ्याने फाटतही नाही. आडोशाला बांधताना छापील बाजू आत घेतात. बाहेर घेतली तर पथकातल्या माणसाला साहेबांचा चेहरा ओढून काढायला संकोच वाटतो, म्हणून काही जण मुद्दाम बाहेर घेतात. हे मी गमतीने लिहीत नाही, दोन्ही पद्धती मी पाहिल्या आहेत.

परळवासी, तुम्ही विचारले आहे की काय लिहावे. हटवा किंवा हटवू नका, यातले काहीच लिहू नका. सार्वजनिक शौचालय रात्रभर उघडे ठेवावे. जप्त केलेल्या सामानाची यादी करून पावती द्यावी आणि कागदपत्रे व औषधे जप्त करू नयेत. रुग्णालयाच्या पायी अंतरावर कुटुंबांना एकत्र राहता येईल असा निवारा द्यावा, आणि आराखड्यातल्या आरक्षणाचे काय झाले ते सांगावे. हे लिहिल्यास उत्तर द्यायला तीन खात्यांना एकमेकांशी बोलावे लागेल.

हडपसरकर

पुण्याहून एक टीप. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळ्याला वादळात फलक पडून पाच जण गेले. ते पावसापासून बचाव करण्यासाठी त्या फलकाखालीच थांबले होते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वाघोलीला पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला, तिघे गेले आणि त्यांत दोन लहान मुले होती. ही माणसे अमरावतीकडून कामासाठी आलेली होती. पदपथ चालण्यासाठी असतो हे तिसरा मजला यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि तो झोपण्यासाठी सुरक्षितही नसतो हे त्यात जोडावेसे वाटते. ज्यांना पुलाखालून हटवतात ते याहून उघड्या जागी जाऊन झोपतात.

माटुंग्याच्या तुळपुळे पुलाखाली २०१६ मध्ये उद्यान झाले, नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेणारी पायवाट आहे, ते मी पाहिले आणि मला आवडले. पुलाखालच्या प्रत्येक जागेचे उद्यान झाले तर पावसाळ्यात हे लोक कुठे जातील, याचे उत्तर उद्यानाच्या आराखड्यात असायला हवे होते, एवढेच.

परळवासी

सर्वांचे आभार. रविवारी सर्वसाधारण सभा झाली, तिचा वृत्तांत देतो.

निवृत्त लिपिक यांच्या सूचनेप्रमाणे कराचा प्रश्न विचारला. सचिवांनी कर धरला नव्हता. धरल्यावर दोन लिफ्टऐवजी सव्वा लिफ्टचा खर्च निघतो असे दिसले आणि सभागृहात बराच हशा झाला. तरीही स्थैर्य प्रमाणपत्र आणि विम्याच्या अटींवर फलकाचा ठराव बहुमताने मंजूर झाला. मीही बाजूने मत दिले. उत्पन्नातला दहावा हिस्सा वेगळा ठेवावा, ही माझी सूचना मतालाही टाकली गेली नाही. "आधी लिफ्ट चालू दे" असे एक आजोबा म्हणाले, आणि ते आठव्या मजल्यावर काठी टेकत चढतात, हे मला माहीत असल्यामुळे मी गप्प बसलो.

निवेदनाचा नवा मसुदा मी वाचून दाखवला. शौचालयाच्या मागणीला एकमताने पाठिंबा मिळाला. पावतीची मागणी वकील असलेल्या एका सभासदांनी नीट शब्दांत बसवून दिली. निवाऱ्याच्या वाक्यापाशी मात्र गाडी अडली, आणि बऱ्याच चर्चेनंतर "रुग्णालयाच्या पायी अंतरावर" याच्यापुढे "परंतु शक्यतो निवासी वस्तीपासून दूर" असे शब्द घालण्यात आले. परळमध्ये रुग्णालयापासून पायी अंतरावर आणि वस्तीपासून दूर अशी जागा कोणती, हे मी विचारले, तेव्हा ते पालिकेने शोधावे असे उत्तर मिळाले. मी ते पाच शब्द खोडून बाजूला आद्याक्षरे घातली आणि सही केली. माझ्यानंतर आणखी सहा जणांनी तसेच केले, बाकीच्यांनी शब्द राहू दिले. विभाग कार्यालयात तो कागद आता या दोन्ही प्रकारच्या सह्यांसह गेला आहे. आवक क्रमांक पडला.

भुसावळच्या बाईंना हे सांगायला काल संध्याकाळी गेलो तर त्या तिथे नव्हत्या. शेजारच्या बिऱ्हाडाने सांगितले की केमोची फेरी संपली, पुढची तारीख महिन्याने आहे, म्हणून गावी गेले. त्यांच्या जागेवर नंदुरबारहून आलेले एक जोडपे आहे. त्यांचीही फाईल त्याच नळाला, त्याच साडीच्या काठाने बांधलेली आहे. जाताना बाईंनी तो सोडून नेला नाही.